हरिणखेडे गुरुजींनी पुसलेली जागा

हरिणखेडे गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे आणि तिरोड्याच्या बाजारात वाट चुकायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीतून किराणा दुकानाकडे निघालेले गुरुजी थेट बस स्टँडवर पोहोचायचे. तिथे जरा वेळ उभे राहायचे आणि मग कोणाला तरी विचारायचे, "काय जी, मी कोणीकडे जाऊन राहिलो होतो?" ज्याला विचारलं तो हसायचा. गुरुजी हसायचे नाहीत. त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं.

ते मनगटी घड्याळ उजव्या हाताला बांधायचे. उजवा हात कोणता ते पटकन कळावं म्हणून. सकाळी घाईत कधी ते डाव्या हाताला बांधलं गेलं, की त्या दिवशी फळ्यावरच्या नकाशात ओडिशा गुजरातच्या जागी जायचा. एखादी मुलगी हात वर करायची. गुरुजी नकाशाकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "थांबा, माझा गोंधळ होऊन राहिला." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा यायचं, की त्यांच्या पाठीमागे सगळी शाळा त्यांना गोंधळ गुरुजी म्हणायची. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी एकदा वर्गात विचारलं, "गोंधळ गुरुजी कोण हाय? नवीन आले का?" आम्ही बाकांखाली तोंडं लपवली. त्यांना खरंच कळलं नव्हतं, की उलट तेच आमची फिरकी घेत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे मीही शिक्षिका झाले, बदली होऊन तिरोड्याला आले आणि राहायला घर मिळालं ते नेमकं त्यांच्या शेजारचं. म्हणून मला ते दोन्ही वयांत पाहायला मिळाले.

वर्गातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल पुढे बोलता येणार नाही. सहावीत गुरुजी आम्हाला वैनगंगा शिकवत होते. आमची नदी, पाहिलेली नदी. तिचा उगम मध्य प्रदेशात. तिथून ती आधी उत्तरेला जाते, मग मोठं वळण घेऊन खाली आपल्याकडे येते. गुरुजींनी फळ्यावर तशी रेघ काढली. मागच्या बाकावरची शकुन उइके उठून म्हणाली, "गुरुजी, मंग नदी आधी चढावर काऊन चढली? पाणी चढते का?"

दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, बस खाली, वर म्हणजे उत्तर, चढ नाही. गुरुजी फळ्यासमोर खडू धरून उभे राहिले. बराच वेळ. नकाशात वर गेलेली ती रेघ ते असे बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहत आहेत. मग म्हणाले, "थांबा. माझा गोंधळ होऊन राहिला." आणि तास संपला.

त्यानंतर कितीतरी दिवस ते हाच प्रश्न घेऊन फिरले. मुख्याध्यापकांना विचारलं, पोस्टमनला विचारलं, सिंचन खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. सगळ्यांनी सांगितलं की त्यात विचारण्यासारखं काही नाही. शेवटी एके दिवशी ते वर्गात आले ते पाण्याने भरलेली बादली घेऊन. आम्हाला बाहेर व्हरांड्यात नेलं. फरशीवर नकाशा काढला, पण उलटा. उत्तर खालच्या बाजूला. व्हरांड्याला अंगणाकडे उतार होता. गुरुजींनी वरून पाणी ओतलं आणि ते उत्तरेकडे धावत गेलं. "पाण्याले उत्तर-दक्षिण माहीत नाही," ते म्हणाले. "त्याले फक्त उतार माहीत हाय. वर-खाली आपण केलं, कागद भिंतीवर टांगला म्हणून." मग शकुनकडे वळून म्हणाले, "बाई, तुझ्यामुळं मले कळलं. इतकी वर्षं मी शिकवून राहिलो होतो, मले समजलंच नव्हतं."

सहावीतल्या मुलीसमोर हे बोलणारा शिक्षक मी नंतर पाहिला नाही. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

दुसरी गोष्ट लग्नाची. तिरोड्याजवळच्या एका गावात एकाच गल्लीत एकाच दिवशी दोन लग्नं होती. गुरुजी भाच्याच्या मित्राच्या लग्नाला निघाले आणि दुसऱ्याच मांडवात शिरले. तिथे त्यांचं स्वागत झालं, कारण धोतर नेसलेल्या उंच माणसाला कोणत्याही मांडवात स्वागत मिळतं. गुरुजींनी अक्षता टाकल्या, आणलेलं पितळी भांडं दिलं आणि पंगतीत बसले. जेवताना शेजारच्याने विचारलं, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? तेव्हा त्यांना शंका आली. पण पानात वाढलेलं होतं. ते उठले नाहीत. पोटभर जेवले, वधूवरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग शेजारच्या मांडवात रिकाम्या हाताने गेले.

गंमत पुढे आहे. त्या चुकीच्या मांडवातल्या जोडप्याने हे नातं धरून ठेवलं. दर दिवाळीला ते दोघं गुरुजींकडे यायचे, पाया पडायचे. पुढे मूल झालं, ते घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, "गुरुजी, यांना सांगितलं का कधी, की तुम्ही चुकून गेला होता?"

"सांगितलं ना," गुरुजी म्हणाले. "ते म्हणाले, चुकून का होईना, आले तं. जे यायला पाहिजे होते ते कुठी आले?" आणि मग काही वेळाने, स्वतःशीच, "आता खरं लग्न कोणतं होतं, माझा गोंधळ होऊन राहिला."

अशा माणसाच्या घरी निखिलसारखा मुलगा. निखिल एकुलता एक. डावं-उजवं, वर-खाली, सगळं जन्मापासून पक्कं. बोलायचाही मोजकं. नागपूरला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला नोकरी लागली. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्याने घरी एक कॉम्प्युटर आणून बसवला. त्यात त्याने दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्या होत्या. एक विंडोज, गुरुजींसाठी. दुसरी लिनक्स, सुट्टीत आल्यावर त्याला स्वतःच्या कामासाठी. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन्हींची नावं यायची आणि थोडा वेळ ते वाट बघायचं. तेवढ्यात बाणाची कळ दाबून खालच्या विंडोजवर गेलं तर ठीक. नाही गेलं तर ते आपसूक निखिलच्या बाजूला उघडायचं आणि त्याचा पासवर्ड मागायचं. गुरुजींना तो माहीत नव्हता.

गुरुजी तेव्हा एक पुस्तक लिहीत होते. आपल्या भागातल्या तलावांचं, मुलांसाठी. बोदलकसा, त्याच्या आजूबाजूचे लहान तलाव, केशोरीकडचे जुने तलाव. कोणी बांधले, पाळ म्हणजे मातीचा बांध कसा आहे, पाणी कुठून येतं, कोणत्या शेतात जातं, कोणते मासे. स्वतः जाऊन फोटो काढायचे, कोळ्यांशी बोलायचे. आणि रोज सकाळी टायपिंगला बसायचे. मशीन चालू करून चहा आणायला गेले की परत येईपर्यंत ते निखिलकडे उघडलेलं असायचं. माझ्या खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, "अरे, पुन्हा निखिलच्या घरी गेलं!" मग ते बंद करायचे आणि पुन्हा चालू करून बोट बाणावर ठेवून बसायचे, चहा निवून जाईपर्यंत.

निखिलने पुण्याला घर घेतलं तेव्हा भांडण झालं. भांडण कसलं, एक फोन. निखिल म्हणाला, बाबा, आता मी इकडेच राहणार, तुम्ही दोघं इकडे या. गुरुजींना काय वाटलं कोणास ठाऊक. त्यांच्या मनात होतं की तो कधीतरी गोंदियाला येईल, बिरसीच्या विमानतळावर का होईना, कुठेतरी लागेल. ते म्हणाले, "मंग इकडं येजोच नको."

आणि निखिल आला नाही. त्या दिवाळीला नाही, त्यापुढच्याही नाही.

गुरुजींना हे समजेचना. मला म्हणाले, "वनिता, मी आयुष्यभर जे बोललो ते त्यानं कधी ऐकलं नाही. पाटीवर अभ्यास कर म्हटलं, नाही केला. दूध पी म्हटलं, नाही प्याला. अन् हे एकच वाक्य ऐकलं. हेच काऊन ऐकलं?"

"तुम्ही फोन करा ना मग."

"अन् काय सांगू? ये म्हणून सांगू का, येऊ नको म्हटलं ते खोटं होतं म्हणून सांगू? कुठून सुरू करू तेच कळून नाही राहिलं."

गुरुजींच्या पत्नीला, आमच्या काकूंना, असला काही गोंधळ नव्हता. सुमनकाकू बुटक्या, गोल, सरळ बोलणाऱ्या. त्या रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात दार लोटून निखिलशी फोनवर बोलायच्या. बाहेरून गुरुजी विचारायचे, "कोणाचा फोन?" काकू म्हणायच्या, "नळवाल्याचा." एवढंच. रोज नळवाला. एकदा मी पाहिलं, नगर परिषदेचा खरा नळवाला गल्लीत आला होता आणि गुरुजी त्याला फाटकात अडवून सांगत होते, "रोज फोन करून राहिले तुम्ही, पण पाणी तं एक दिवसाआडच येऊन राहिलं." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच सापडलं नाही. फोन कोणाचा ते त्यांना माहीत होतं का? माहीत असून ते त्या माणसाच्या तोंडून खरं काढून घेत होते का? की त्यांना खरंच पाणी हवं होतं?

मग कॉम्प्युटरमधली जागा संपली. तलावांचे फोटो इतके झाले की लाल पट्टी दिसायला लागली आणि नवीन फोटो घेईना. मला बोलावलं. मी काही यातली जाणकार नाही, शाळेचं ऑनलाइन काम करते तेवढंच. पण उघडून बघितल्यावर दिसलं की डिस्कचा जवळजवळ अर्धा भाग लिनक्सकडे आहे. तो विंडोजला वापरता येत नव्हता.

"म्हणजे अर्धा कॉम्प्युटर निखिलचा," गुरुजी म्हणाले.

"तसंच काहीसं."

"तो तं येऊन नाही राहिला. त्याची जागा कायले अडून राहिली?"

दारात काकू उभ्या होत्या. "राहू द्या जी. पोराचं हाय ते. फोटो काढून टाका तुमचे, पाण्याचे फोटो सारखेच तं असतात."

"सारखे कुठी असतात?" गुरुजी दुखावले. "प्रत्येक तलावाची पाळ वेगळी असते."

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला पुन्हा हाक मारली. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून ठेवला होता. एक तरुण हिंदीत बोलत होता, दोस्तों, घबराना नहीं है, बहुत आसान है. गुरुजी त्याला थांबवत, मागे नेत, एकेक पायरी करत होते. मी बाजूला खुर्चीवर. डिस्कचा नकाशा पडद्यावर आला, निळ्या पट्ट्यांचे तुकडे. गुरुजी एकदम सावरून बसले. नकाशा म्हटला की त्यांचं तसं व्हायचं.

"हे बिननावाचे दोन तुकडे आहेत," ते म्हणाले. "एक मोठा, एक छोटा. निखिल तं एकच."

मी सांगितलं की छोटाही लिनक्सचाच असणार, मोबाइलवर तसं वाचलं. आणि ज्यांवर नाव लिहिलंय त्यांना हात लावू नका. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. त्यांचा बाण त्या मोठ्या पट्टीवर जाऊन थांबला होता. उजवं बटण दाबलं. यादी उघडली, त्यात पुसून टाकण्याचा पर्याय होता. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, वेळ बघण्यासाठी नाही. मग माझ्याकडे.

"वनिता, यात त्याचं काय असंन?"

"मला कसं माहीत असणार, गुरुजी? विचारा ना त्याला."

"विचारलं तं तो नको म्हणंन. किंवा हो म्हणंन." त्यांनी माउसवरचं बोट उचललं. "दोन्ही मले नको आहे."

मशीनने विचारलं, नक्की पुसायचं का. गुरुजींनी हो केलं. निळी पट्टी काळी झाली. छोटीही झाली. मग ती मोकळी जागा त्यांनी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे शेजारच्या भागाला जोडून टाकली, आणि लाल पट्टी एकदम निळी झाली. इतकी ऐसपैस जागा. फोटो जायला लागले. काम झालं म्हणून त्यांनी व्हिडिओ मधेच बंद केला. तो तरुण अजून काहीतरी सांगायचा बाकी होता.

दुपारी जेवून उठले, मशीन चालू केलं आणि मला हाक आली ती वेगळ्याच आवाजात.

काळा पडदा. दोन नावं नव्हती, विंडोज नव्हतं. असा भाग सापडत नाही अशी इंग्रजीत एक ओळ आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' असे शब्द. पुढे रिकामी जागा.

आता मला माहीत आहे काय झालं होतं. सुरुवातीला दोन नावं दाखवून विचारणारा जो भाग होता, ग्रब नावाचा, तो लिनक्सच्याच जागेत राहत होता. जागा पुसली, तेव्हा विचारणाराही गेला. मशीन चालू होऊन त्यालाच शोधत होतं. पण त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं, आणि गुरुजींना तर नाहीच.

"रेस्क्यू म्हणजे वाचवणे," गुरुजी म्हणाले. "मंग हे वाचवून राहिलं का बुडवून राहिलं?"

त्यांनी 'येस' टाइप केलं. हा हुकूम ओळखीचा नाही, असं उत्तर आलं. त्यांनी 'हेल्प' टाइप केलं. तेच उत्तर.

"मदत म्हटलेलंही ओळखत नाही," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. पुस्तक त्यात होतं. सगळे तलाव त्यात होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी पेन ड्राइव्हवर घ्या म्हटलं होतं, तर ते म्हणाले होते, एवढुशा काडीत बोदलकसा कसा मावंन. पण ते पुस्तकाचं बोलतच नव्हते. "मी त्याचा भाग काढला," ते म्हणत होते, "माझाही कसा गेला? नकाशात तं वेगळे होते. रेघ होती मधात. तू पाहिली ना रेघ?"

"पाहिली, गुरुजी."

"मंग?"

काकू केव्हा आत आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि फोन लावला. "थांबा," म्हणाल्या, "नळवाल्याला विचारते." आणि फोन गुरुजींच्या कानाला लावून उभ्या राहिल्या.

त्या खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"हॅलो? आई?"

"मी आहो," गुरुजी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बाबा? काय झालं? तब्येत..."

"तब्येत चांगली हाय. कॉम्प्युटरची बिघडली."

"स्क्रीनवर काय आहे?"

"काळं हाय."

"काही लिहिलं असेल बघा."

गुरुजींनी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. निखिलने विचारलं, "बाबा, तुम्ही काही डिलीट केलं का?"

"हो," गुरुजी म्हणाले. "तुझं."

"माझं म्हणजे?"

"तुझी जागा. लिनक्सची. पूर्ण पुसली मी. रिकामी पडून होती म्हणून." त्यांचा आवाज शाळेत फळ्यासमोर व्हायचा तसा झाला होता.

मला वाटलं आता फोन तुटणार. निखिल म्हणाला, "बरं. काही होत नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच एफ-बारा दाबत राहा."

गुरुजींनी चालू केलं आणि भराभर एफ, मग एक, मग दोन दाबू लागले. काही झालं नाही. "दाबून राहिलो, दाबून राहिलो," ते ओरडले. मी वरच्या ओळीतली कळ दाखवली. "थांब रे, माझा गोंधळ झाला होता," ते फोनमध्ये म्हणाले. पलीकडून एक आवाज आला. हसल्यासारखा. मला खात्री नाही.

दुसऱ्यांदा केल्यावर एक वेगळी छोटी यादी आली. त्यात वर लिनक्सचं नाव होतं, खाली विंडोजचं.

"निखिल, तुझं तं नाव अजून आहे इथी!" गुरुजी घाबरूनच म्हणाले. "मी पुसलं होतं ना!"

"नाव राहतं, बाबा. मागे काही नाही आता. तुम्ही खालचं घ्या. विंडोज."

गुरुजींनी खालचं घेतलं. पडदा निळा झाला. फाइल होती, तलाव होते, सकाळी घातलेले फोटोसुद्धा होते. काकू पटकन आत निघून गेल्या. गुरुजींनी आधी फाइल वरपासून खालपर्यंत सरकवून बघितली आणि मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं काही होतं का त्यात?"

"असेल काहीतरी. कॉलेजचं. आता आठवत नाही."

"मी विचारलं नाही तुला."

"हो."

"तू रागावला नाही?"

"नाही ना, बाबा. तुमच्याच कामी आली जागा. ते वरचं नावही काढता येईल, सांगीन पुढच्या वेळी. आता मीटिंग आहे, ठेवू?"

"ठेव," गुरुजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पुस्तक मिळालं, मुलगा बोलला. पण ते आधीपेक्षा जास्त गोंधळले. तो दिवसभर आणि पुढे कितीतरी दिवस एकच प्रश्न. निखिल रागावला काऊन नाही? मला विचारलं, भाजीवालीला विचारलं, चहावाल्याला विचारलं. "समजा तुमचा पोरगा अर्ध्या घराचा मालक हाय, अन् तुम्ही त्याचं अर्धं घर न विचारता पाडलं, अन् तो म्हणाला काही होत नाही. तं याचा अर्थ काय?" चहावाला म्हणाला, पोरगा चांगला आहे. भाजीवाली म्हणाली, त्याला घराची गरज नाही. गुरुजींना दोन्ही उत्तरं पटायची आणि दोन्हींनी ते कष्टी व्हायचे.

शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, तो तुमच्यावाणी नाही. तुम्ही त्याले येऊ नको म्हटलं तेव्हाही तो रागावला नव्हता. तुम्ही म्हटलं म्हणून नाही आला, बस!"

गुरुजी त्यांच्याकडे वळले. "रागावला नव्हता?"

"नाही जी. मले रोज विचारते, बाबाचा राग गेला का."

"माझा राग?" गुरुजी म्हणाले. "माझा कुठी होता राग?"

त्यानंतर त्यांच्या कॉम्प्युटरला वरचेवर काहीतरी व्हायला लागलं. आज आवाज गेला. आज अक्षरं मोठी झाली. आज प्रिंटर बोलून नाही राहिला. प्रत्येक वेळी निखिलला फोन. निखिल शांतपणे विचारायचा, वायर लावली आहे का? गुरुजी वाकून बघायचे. निघालेली असायची. "अरे हो, निघालीच होती!" एकदा मीही तिथे होते आणि ती वायर मी स्वतः आदल्या दिवशी घट्ट बसवली होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा तो चेहरा, नळवाल्याशी बोलताना होता तसाच.

लिनक्सचं ते उरलेलं नाव काढायची गोष्ट मात्र निघाली की ते म्हणायचे, आज नको, आज माझा गोंधळ होऊन राहिला.

निखिल आला तो दिवाळीच्या आधी, न कळवता. सकाळी मी अंगण झाडत होते. फाटकात पाठीवर पिशवी घेतलेला तो, आणि आत हातात दात घासायचा ब्रश घेतलेले गुरुजी. दोघंही तसेच उभे. गुरुजी म्हणाले, "मी तं येजो नको म्हटलं होतं."

निखिल म्हणाला, "मला वाटलं, तुमचा गोंधळ झाला असेल."

गुरुजींनी फाटक उघडायचा प्रयत्न केला. ते आत ओढायचं असतं. गुरुजी बाहेर ढकलत होते, स्वतःच्याच घराचं फाटक. निखिलने बाहेरून हलकेच आत लोटलं आणि ते उघडलं. मी झाडू टाकून घरात गेले. पुढे ते काय बोलले मला माहीत नाही.

त्यांचं पुस्तक पूर्ण झालं नाही. केशोरीकडचे तलाव राहिले. गुरुजी त्यानंतर फार जगले नाहीत. हृदयाचा त्रास होता, तो त्यांनी छातीचा की पाठीचा या गोंधळात अंगावर काढला. ते गेले तेव्हा मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्याच दिवाळीच्या सुट्टीतलं आहे.

मी स्कूटीवरून बोदलकशाच्या रस्त्याने येत होते. भात कापणीला आलेलं, सगळीकडे पिवळं. एका फाट्यावर निखिलची भाड्याने आणलेली मोटरसायकल उभी होती आणि तिच्या बाजूला बापलेक भांडत होते. चांगले मोठ्याने. निखिलच्या हातात मोबाइल होता, तो डावीकडे बोट दाखवत होता. "बाबा, नकाशात रस्ता इकडून आहे!" गुरुजी दुसरीकडे हात करून म्हणत होते, "नकाशाले काय माहीत! पाणी कुठी हाय ते बघ! वारा कोणीकडून येऊन राहिला?" मला पाहताच दोघांनी एकदम विचारलं, तू सांग.

मला ठाऊक नव्हतं. मी त्या बाजूला कधी गेलेच नव्हते. मी हात हलवला, हसले आणि पुढे निघाले. वळणावर आरशात बघितलं तर भांडण संपलं होतं. दोघं मोटरसायकल तिथेच सोडून धानाच्या बांधावरून चालत निघाले होते, तलावाच्या पाळीच्या दिशेने. निखिलने मोबाइल खिशात टाकला होता. गुरुजी पुढे होते आणि एकदाही न थांबता चालत होते.